जादा कामाचा मोबदला : जबलपूरच्या कारखान्यांतील हिशेब आणि दाद मागण्याचे मार्ग

घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, कपडे व धुलाई भत्ता आणि छोट्या कुटुंबासाठीचा भत्ता या रकमा जादा कामाच्या मोबदल्याचा हिशेब करताना धरावयाच्या की वगळावयाच्या, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२६ मध्ये निर्णय दिला. त्या धरल्याच पाहिजेत, असे सांगून न्यायालयाने केंद्र सरकारचे अपील फेटाळले. प्रकरण चेन्नईनजीकच्या आवडी येथील हेवी व्हेइकल्स फॅक्टरीतील कामगार संघटनेचे होते. मद्रास उच्च न्यायालयाने २०११ मध्येच संघटनेच्या बाजूने निकाल दिला होता. त्यानंतर अंतिम निर्णयास चौदा वर्षांहून अधिक काळ लागला. दरम्यान त्या यंत्रांवर काम केलेले किती तरी हात सेवानिवृत्त झाले असतील.

जबलपूरसाठी हा निकाल दूरच्या एखाद्या गावची वार्ता नाही. गन कॅरेज फॅक्टरी येथे १९०४ पासून आहे. खमरिया येथील आयुध निर्माणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभी राहिली, व्हेइकल फॅक्टरी १९६९ मध्ये सुरू झाली आणि पुढे ग्रे आयर्न फाउंड्रीची भर पडली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित करून सात सरकारी कंपन्या स्थापन करण्यात आल्या. त्या वेळी खमरियाचा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेला. व्हेइकल फॅक्टरी ज्या आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये समाविष्ट झाली, त्याच कंपनीत आवडीचा कारखानाही आहे. शहरातील अनेक मराठी कुटुंबांचा निर्वाह दोन-तीन पिढ्या या कारखान्यांवर चालत आलेला आहे. जादा कामाचा प्रश्न मात्र केवळ सरकारी कारखान्यांपुरता मर्यादित नाही. कंत्राटदाराकडील मजूर, दुकानातील नोकर, खाजगी कार्यालयातील कर्मचारी या सर्वांचा तो प्रश्न आहे आणि प्रत्येकासाठी दाद मागण्याची जागा वेगळी आहे. न्याय्य मागणी अनेकदा चुकीच्या कार्यालयात किंवा मुदत उलटल्यावर दाखल झाल्यामुळेच निष्फळ ठरते.

एकाच तासाचे दोन दर

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ नुसार दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम केल्यास त्या वाढीव तासांसाठी वेतनाच्या साधारण दराच्या दुप्पट मोबदला देणे बंधनकारक होते. आयुध निर्माण्यांतील सर्वसाधारण आठवडा मात्र ४४ तास ४५ मिनिटांचा. त्यामुळे या कारखान्यांत जादा कामाचे दोन टप्पे पडत असत. ४४ तास ४५ मिनिटांपासून ४८ तासांपर्यंतच्या सव्वातीन तासांसाठी खात्याच्या नियमांनुसार एकपट दर आणि ४८ तासांनंतर कायद्यानुसार दुप्पट दर. एखाद्या कामगाराने आठवड्यात ५४ तास काम केले, तर त्याला सव्वातीन तासांचे एकपट आणि सहा तासांचे दुप्पट पैसे मिळावयास हवेत. आपल्याला सर्वच जादा तासांचे दुप्पट पैसे का मिळाले नाहीत, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर या सव्वातीन तासांत आहे आणि तेवढ्यापुरती व्यवस्थापनाची बाजू कायद्याला धरून होती.

खरा वाद होता तो ‘साधारण दर’ या शब्दांच्या अर्थाविषयी. मूळ वेतन आणि कामगारास त्या वेळी देय असलेले भत्ते, अशी त्याची व्याख्या कलम ५९ मध्येच दिलेली होती. बोनस आणि जादा कामाचे पैसे एवढेच त्यातून वगळलेले होते. असे असताना काही भत्ते हिशेबात धरू नयेत, अशा आशयाची पत्रके मंत्रालयांनी काढली. संसदेने केलेल्या व्याख्येत जे वगळलेले नाही, ते एखाद्या पत्रकाद्वारे वगळता येणार नाही, हा आवडी प्रकरणाचा मथितार्थ आहे. १९४८ च्या अधिनियमाखाली येणाऱ्या अन्य कारखान्यांतील त्या काळच्या दाव्यांनाही या अर्थाचा आधार मिळू शकतो.

येथे एक विरोधाभास नोंदविणे आवश्यक आहे. हा निकाल लागण्यापूर्वीच, २१ नोव्हेंबर २०२५ पासून, चार कामगार संहिता अंमलात आल्या आणि कारखाने अधिनियम निरसित झाला. वेतन संहिता, २०१९ मधील ‘वेतन’ या शब्दाच्या व्याख्येतून घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता आणि जादा कामाचा भत्ता वगळण्यात आला आहे. मात्र अशा वगळलेल्या रकमांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर निम्म्यावरील रक्कम वेतनातच धरली जाते. म्हणजे कामगारांनी चौदा वर्षे लढून जी व्याख्या राखली, ती पुढील कामापुरती बदललेली आहे. म्हणून मागणीचा अर्ज करताना २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीचे तास आणि त्यानंतरचे तास वेगवेगळे मांडणे हिताचे ठरेल. दोन्ही एकत्र केल्यास समोरच्या पक्षाला आयताच आक्षेप मिळतो.

नव्या कायद्यात काय आहे

दुप्पट दराचे तत्त्व कायम आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० नुसार कामाचा दिवस आठ तासांचा असून जादा काम करवून घेण्यासाठी कामगाराची संमती आवश्यक आहे आणि त्या कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यावयाचा आहे. वेतन संहितेच्या कलम १४ मध्येही, ज्यांचे किमान वेतन ठरविण्यात आलेले आहे त्यांच्यासाठी, दुप्पटीहून कमी दर असू नये असे म्हटले आहे. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाले पाहिजे.

हिशेब किती मोठा होऊ शकतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून ध्यानात येईल. महिना १५,६०० रुपये वेतन असलेल्या कामगाराचा २६ दिवसांच्या महिन्यातील रोज ६०० रुपये आणि तासाचा दर ७५ रुपये होतो. त्याने रोज दोन तास अधिक थांबून काम केले तर महिन्याला ५२ तास भरतात. दुप्पट दराने त्याचे ७,८०० रुपये होतात. हा आकडा त्याच्या पगाराच्या बरोबर निम्मा आहे. तीन वर्षांत ही रक्कम २,८०,८०० रुपयांवर जाते. ‘जरा वेळ थांबा’ या शब्दांची किंमत इतकी असते.

तीन वर्षांचा आकडा येथे उगाच घेतलेला नाही. पूर्वी किमान वेतन अधिनियमाखाली दावा दाखल करण्यास सहा महिन्यांची आणि वेतन प्रदान अधिनियमाखाली बारा महिन्यांची मुदत होती. नोकरीत असताना तक्रार करण्याचे धैर्य होत नाही आणि नोकरी सुटल्यावर मुदत संपलेली असते, अशी कामगाराची कोंडी त्यामुळे होत असे. वेतन संहितेच्या कलम ४५ ने ही मुदत तीन वर्षांची केली आहे. अर्ज कर्मचारी स्वतः, त्याची नोंदणीकृत संघटना किंवा निरीक्षक करू शकतो. प्राधिकाऱ्याने तीन महिन्यांत निर्णय देण्याचा प्रयत्न करावा, अशी अपेक्षा आहे. थकलेल्या रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा आदेशही तो देऊ शकतो.

याहूनही महत्त्वाची तरतूद कलम ५९ मध्ये आहे. योगायोगाने क्रमांक जुन्या कायद्यातील कलमाचाच आहे, आशय मात्र वेगळा. वेतन दिले नाही अथवा कमी दिले असा दावा झाल्यास, ते दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकण्यात आली आहे.

नोंद कोणाकडे असते

पुराव्याचा भार मालकावर असला, तरी आपण जादा काम केलेच, हे कामगाराला प्रथमदर्शनी दाखवावे लागते. पैसे दिल्याचा पुरावा मालकाने द्यावयाचा आहे; काम झाल्याचे मात्र कोणी तरी सांगावयास हवे. अनेक ठिकाणी हजेरीपत्रकावर आठच तास लिहिले जातात आणि त्यावर सही घेतली जाते. फाटकावरील यंत्रात बोटाचा ठसा उमटविल्यानंतर पुन्हा आत जाऊन काम करण्यास सांगितले जाते. अशा वेळी कामगाराने रोजच्या रोज, त्याच दिवशी, स्वतःच्या वहीत केलेली नोंद उपयोगी पडते. आल्याची वेळ, जाण्याची वेळ, कोणत्या कामासाठी थांबविले, कोणी सांगितले आणि बरोबर कोण होते, एवढे लिहिलेले पुरे. महिनाअखेरीस आठवून लिहिलेल्या तक्त्यापेक्षा अशी ओबडधोबड वही अधिक विश्वसनीय ठरण्याचा संभव असतो. मोबाइलवर आलेले निरोप, रात्रीच्या पाळीच्या बसचा पास, फाटकावरील नोंदवहीतील सही या गोष्टीही जपून ठेवाव्यात. वेतनचिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे. ती मिळत नसल्यास लेखी मागणी करावी आणि त्या मागणीची पोच घ्यावी.

कोऱ्या कागदावर किंवा ‘सर्व हिशेब मिळाला’ असे छापलेल्या पावतीवर सही करण्याचा आग्रह होतो, तेथे नकार देणे प्रत्येकास शक्य नसते. निदान प्रत्यक्ष मिळालेली रक्कम आणि तारीख सहीजवळ स्वतःच्या अक्षरात लिहावी.

दंड, कपात आणि ‘छाट’

जादा कामाचे पैसे बुडविणे हा अन्यायाचा एकच प्रकार झाला. दुसरा प्रकार, केलेले काम ‘नापास’ ठरवून त्याची मजुरी न देण्याचा. जबलपूरपासून गोंदिया-भंडाऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात विडी उद्योगाने हा शब्द घरोघरी पोहोचविला आहे : छाट. पाने आणि तंबाखू देऊन विड्या वळून घ्यावयाच्या, त्यातील काही सदोष म्हणून बाजूला काढावयाच्या आणि त्यांची मजुरी द्यावयाची नाही, अशी ही पद्धत. बाजूला काढलेल्या विड्या मात्र बहुधा मालकाकडेच राहत. विदर्भ तेव्हा मुंबई राज्यात होता. त्या सरकारने १९५८ मध्ये अधिसूचना काढून या छाटीवर नियंत्रण आणण्याचा प्रयत्न केला. गोंदियाच्या विडी व्यापाऱ्यांच्या संघाने तिला आव्हान दिले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संबंधित तरतुदी किमान वेतन अधिनियमाच्या अधिकाराबाहेर ठरविल्या. हेतू योग्य होता, पण त्यासाठी वापरलेला कायदा अपुरा पडला. पुढे १९६६ मध्ये विडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र अधिनियम झाला.

आता वेतन संहितेने सर्वच उद्योगांसाठी कपातींवर मर्यादा घातली आहे. एका वेतनकालावधीतील दंड त्या काळातील वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये आणि तो करण्यापूर्वी कर्मचाऱ्यास बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत. पाच मिनिटांच्या उशिरासाठी अर्ध्या दिवसाचा पगार कापण्याची जी प्रथा अनेक खाजगी आस्थापनांत दिसते, ती या कसोटीवर टिकणे कठीण आहे. ज्या वेळात कर्मचारी हजर नव्हता, त्या वेळेपुरतीच गैरहजेरीची कपात असावयास हवी.

‘पर्यवेक्षक’ झाल्यावर

पदोन्नतीचे पत्र हाती पडल्यावर जादा कामाचे पैसे बंद होतात, हा अनुभव नवा नाही. नोटा व मुद्रांक छापणाऱ्या सरकारी महामंडळातील पर्यवेक्षकांनी दुप्पट दराने भत्ता मागितला होता. या महामंडळाचे छापखाने नाशिक येथेही आहेत. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी नाकारली. शासकीय सेवेतील व्यक्तीस सेवाशर्तींच्या नियमांनी काही लाभ मिळतात, तसेच काही बंधनेही येतात. नियमांत नसलेला दुप्पट भत्ता तिला मागता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. जबलपूरच्या निर्माण्यांतील पर्यवेक्षकीय पदांवर असलेल्यांनी हा निकाल लक्षात ठेवूनच पाऊल उचलावे.

खाजगी क्षेत्रात मात्र पदनामाने भागत नाही. कामाचे मुख्य स्वरूप काय आहे, हे पाहावे लागते, ही भूमिका न्यायालयांनी वारंवार घेतली आहे. कार्डावर ‘व्यवस्थापक’ छापलेला माणूस दिवसभर माल मोजत आणि बिले करत असेल, कोणाची रजा मंजूर करण्याचा अधिकारही त्याला नसेल, तर केवळ पदनामामुळे तो कामगार ठरत नाही असे नाही. उलटपक्षी, १९९४ मध्ये एका बूट कंपनीच्या दुकानप्रमुखाच्या प्रकरणात त्याचे काम खरोखरच व्यवस्थापकीय असल्याचे आढळल्याने सर्वोच्च न्यायालयाने त्यास कामगार मानले नाही.

दाद कोठे मागावी

जबलपूर येथे क्षेत्रीय श्रमायुक्त (केंद्रीय) यांचे कार्यालय आहे, केंद्र सरकारचे औद्योगिक न्यायाधिकरण-नि-कामगार न्यायालय आहे, राज्य सरकारच्या श्रम विभागाचे कार्यालय आहे, केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे पीठ आहे आणि १९५६ पासून मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठही येथेच आहे. एवढी न्यायस्थाने एका शहरात असणे ही सोय आहे आणि गोंधळाचे कारणही.

रेल्वे, बँका, खाणी आणि केंद्र सरकारच्या कंपन्या यांतील वाद केंद्रीय यंत्रणेकडे जातात. खाजगी कारखाने, दुकाने, शाळा, रुग्णालये यांचे वाद सामान्यतः राज्याच्या श्रम विभागाकडे नेले जातात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक तक्रारींसाठी प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. परंतु वेतन प्रदान अधिनियमाखालील प्राधिकाऱ्यांचे अधिकार त्यामुळे संपुष्टात येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले होते. नव्या रचनेत न्यायाधिकरणांचे स्वरूप बदलावयाचे असून ती स्थापन होईपर्यंत विद्यमान न्यायालयांचे काम सुरू ठेवण्याची व्यवस्था करण्यात आली आहे.

कंत्राटी कामगाराने कंत्राटदाराबरोबरच ज्याच्या आवारात काम केले त्या मूळ मालकालाही अर्जात पक्षकार करावे. कंत्राटदाराने वेतन थकविल्यास ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. कंत्राटदार बदलला, त्याचा पत्ता सापडत नाही, या सबबींना त्यामुळे उत्तर मिळते.

वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणे औद्योगिक संबंध संहितेने आवश्यक केले आहे. तक्रार उद्भवल्यापासून एका वर्षात तेथे अर्ज करता येतो, तीस दिवसांत निर्णय अपेक्षित असतो आणि समाधान न झाल्यास साठ दिवसांत संघटनेमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येते. समितीत निम्मे सदस्य मालकाचे असल्याने तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. तरीही तेथे दिलेल्या अर्जामुळे तक्रारीची तारीख कागदावर येते आणि पुढे तीच उपयोगी ठरते.

तक्रारीनंतरचा त्रास

अर्ज दिल्यानंतर पाळी बदलणे, दूरच्या ठिकाणी बदली करणे, जुन्या क्षुल्लक चुकीची नोटीस काढणे असे प्रकार घडतात. सूडबुद्धीने कामावरून कमी करणे आणि व्यवस्थापनाच्या धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूने बदली करणे या दोन्ही गोष्टी अनुचित कामगार प्रथांच्या यादीत आहेत. त्यासाठी दहा हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. महाराष्ट्रात १९७१ च्या अधिनियमाने अशा प्रथेविरुद्ध कामगाराला नव्वद दिवसांत थेट न्यायालयात तक्रार नेण्याची वाट करून दिली. केंद्रीय कायद्यात तसा थेट मार्ग नाही. महाराष्ट्रातून जबलपूरला नोकरीसाठी आलेल्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

समेटाची किंवा न्यायाधिकरणातील कार्यवाही चालू असताना मात्र त्या वादाशी संबंधित सेवाशर्ती कामगाराच्या अहिताच्या रीतीने बदलण्यास मनाई आहे. वादाशी निगडित गैरवर्तनाच्या आरोपावरून परवानगीवाचून त्याला बडतर्फही करता येत नाही. याच कारणाने वाद लवकर समेट अधिकाऱ्यापुढे नेणे श्रेयस्कर असते. अर्ज नोंदविला न गेलेला कामगार या संरक्षणाबाहेर राहतो. बडतर्फी झालीच, तर समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यापासून ४५ दिवसांनंतर कामगार स्वतः न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो, मात्र बडतर्फीपासून दोन वर्षांच्या आत.

स्थायी आदेश लागू असलेल्या आस्थापनांत चौकशीसाठी निलंबित केल्यास पहिले नव्वद दिवस वेतनाच्या निम्मा आणि विलंब कामगारामुळे झालेला नसेल तर त्यानंतर पाऊणपट निर्वाह भत्ता द्यावा लागतो. राजीनामा घेतला जावो अथवा काढून टाकले जावो, राहिलेले वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते करावयाचे आहे. जादा कामाची थकबाकी त्या हिशेबात नसल्यास, रक्कम स्वीकारताना ती अपुरी असल्याचे त्याच कागदावर लिहावे आणि तीन वर्षांची मुदत मोजण्यास प्रारंभ करावा.